मालेगावची नक्कल

आजोबांनी 1938 साली मालेगावात घेतलेल्या एका तुकड्याच्या खरेदीखताची नक्कल मिळवण्यासाठी मला मागल्या हिवाळ्यात जिल्ह्यातल्या एका दप्तराचे उंबरे झिजवावे लागले नसते, तर मालेगावाशी माझा संबंध आग्रा रस्त्याने धुळ्याकडे जाताना एसटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या धुरकट क्षितिजापलीकडे बहुधा गेला नसता. दप्तराचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. सगळीच दप्तरे एका वळणाची असतात आणि हेही त्याला अपवाद नव्हते. गुरुवारी दुपारी अर्ज रीतसर रुजू झाला, तिकीट लागले, मोहर उमटली, आणि अव्वल कारकुनाने चष्म्यावरून पाहत सोमवारची मुदत दिली. नाशिकला परत जाऊन पुन्हा येण्यापेक्षा इथेच तीन दिवस काढावेत, असा विचार करून मी मोसम नदीच्या पुलाजवळ एक खोली घेतली. ज्या गावाविषयी दोन दंगली, दोन बॉम्बस्फोट आणि लुगडी यांपलीकडे मला काही ठाऊक नव्हते, त्या गावाने मला त्या तीन दिवसांत नकलेचा एक निराळाच अर्थ समजावून दिला.

नाशिकहून निघालेला रस्ता ओझर आणि पिंपळगावच्या द्राक्षबागा मागे टाकतो, चांदवडला डोंगराच्या अंगाला लगटतो, आणि राहुडचा घाट उतरला की उमराण्याच्या कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगांतून वाट काढत गिरणेच्या खोऱ्यात येऊन पोचतो. मालेगावाला रेल्वे नाही. आगगाडी हवी असेल त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटरवरचे मनमाड गाठावे. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध डाकूंशी येणार आहे.

मोसम नदी गावाची दोन शकले करते. एका अंगाला कॅम्प, संगमेश्वर वगैरे बहुतांशी मराठी वस्ती, दुसऱ्या अंगाला विणकरांचे मोहल्ले. नदीकाठी नारो शंकर राजेबहाद्दरांनी 1740 मध्ये बांधावयास घेतलेला भुईकोट उभा आहे, ज्याच्या तटामागून अरब शिबंदीने 1818 च्या मे-जूनमध्ये इंग्रजी तोफांना सुमारे महिनाभर दाद दिली नाही. आता त्या किल्ल्यात शाळा भरते, आणि मधल्या सुट्टीत पोरे खंदकाच्या कडेने क्रिकेट खेळतात. विणकर मात्र इथले मूळचे नव्हेत. 1857 च्या धामधुमीनंतर आणि पुढच्या दशकातील दुष्काळात उत्तरेतील मोमीन विणकरांची कुटुंबे याच आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे उतरली आणि हातमागांसह इथे स्थिरावली. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात हातमागाच्या जागी यंत्रमाग येऊ लागले, आणि आज त्यांची संख्या दोन लाखांच्या वर सांगितली जाते. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे तान्ही मुले धरूनही दोन-अडीच माणसांमागे एक माग, असा हा हिशेब पडतो.

गुरुवारी रात्री खोलीत अंग टाकले तेव्हा तो हिशेब कानांना आपोआप कळला. खट-खट-खट असा अखंड नाद भिंतीतून, गादीतून, पाण्याच्या पेल्यातूनही येत होता. पहाटे केव्हा तरी तो थांबला आणि त्या थांबण्यानेच मला जाग आली. शुक्रवार उजाडला होता. इथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते.

आता योगायोग असा, की हिंदुस्थानात नवा चित्रपट प्रदर्शित होण्याचा वारही शुक्रवारच. इतरत्र कामकरी माणसाला नवा खेळ पाहण्यासाठी रविवारची वाट पाहावी लागते, तोवर त्याची कथा, शेवट आणि अपकीर्ती त्याच्या कानांवर आलेली असते. मालेगावच्या विणकराचे तसे नाही. बारा तासांच्या पाळ्यांतून सुटलेला हा माणूस आठवड्याचा पगार खिशात घालून, अंघोळ आणि नमाज आटोपून, ज्या दिवशी मुंबईचा धनिक प्रेक्षक पाहतो त्याच दिवशी नवा 'पिच्चर' पाहतो, आणि तो पाहण्याची त्याची रीत मुंबईकरास मुळीच साधणार नाही. 2023 च्या दिवाळीत 'टायगर 3' मधील सलमान खानच्या आगमनाला इथल्या एका चित्रपटगृहात, आणि गृहात म्हणजे अक्षरशः आत, खुर्च्यांच्या मधोमध, प्रेक्षकांनी फटाके उडवले. त्या ठिणग्यांतून वाट काढत पळणारी माणसे साऱ्या देशाने वृत्तवाहिन्यांवर पाहिली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, आणि ते योग्यच झाले. बंद जागेत आतषबाजी करणाऱ्या इसमाची तरफदारी मी करणार नाही. परंतु पडद्यावरच्या सावलीला जिवंत पाहुणा समजून तिचे स्वागत करण्याची ही ऊर्मी लक्षात घेतल्यावाचून त्या गावात चित्रपट का निर्माण झाले हे उमगणार नाही.

कारण मालेगावात चित्रपट केवळ पाहिले जात नाहीत, ते तयारही होतात. त्या उद्योगाचा मूळ पुरुष नासिर शेख. नव्वदच्या दशकात तो व्हिडिओ पार्लर चालवीत असे. व्हिडिओ पार्लर म्हणजे काय हे ज्या वाचकांचे तारुण्य त्या दशकापूर्वीच सरले त्यांच्यासाठी सांगतो: एक लांबोडी खोली, बाकडी किंवा सतरंज्या, समोर दूरचित्रवाणीचा संच, भिंतींना घामाचा आणि बिडीचा वास, आणि नाममात्र तिकीट. हिंदी चित्रपटांबरोबरच चॅप्लिन, बस्टर कीटन आणि ब्रूस ली यांच्या फिती तो दाखवी. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून एका फितीतील तुकडा दुसरीत कसा बसवावा हे त्याने तिथेच, स्वतःच्या हाताने चुकतमाकत शिकून घेतले. संकलनशास्त्राचे याहून स्वस्त विद्यापीठ माझ्या माहितीत नाही. पुढे लग्नसमारंभांचे चित्रण करणारा कॅमेरा हाती धरून, शेजारपाजारच्या विणकरांना आणि दुकानदारांना गोळा करून त्याने 2000 साली 'मालेगाव के शोले' पुरा केला. एकूण खर्च पन्नास हजारांच्या घरात आला असे सांगतात. मूळच्या 'शोले'मध्ये डाकू घोड्यांवरून आगगाडीचा पाठलाग करतात. इथे आगगाडी नव्हती, आणि घोड्यांचे भाडे परवडण्याजोगे नव्हते. म्हणून मालेगावच्या डाकूंनी सायकली मारीत प्रवाशांच्या बसगाडीवर धाड घातली.

हे ऐकून आपण हसतो, आणि ते हसू नासिर शेखने जाणूनबुजून मिळवलेले आहे, त्याच्या दारिद्र्यातून अनवधानाने ते सांडलेले नाही. शहरातून येणारे रसिक इथे नेमके चकतात. तुटपुंज्या साधनांचे कौतुक करण्यात ते इतके रंगून जातात, की बैलगाडीचे जू वर उचलून केलेली क्रेन आणि सायकलवर बसून घेतलेला चालता शॉट यांच्या वर्णनातच त्यांचा लेख संपतो. गरिबीचे हे कौतुक मला नेहमीच थोडे आपमतलबी वाटत आले आहे. साधन नव्हते म्हणून बैलगाडी आली हे खरे, पण सायकलवरचा डाकू हा निव्वळ नाइलाज नव्हता. तो विनोद होता, आणि तो विनोद समजण्यासाठी प्रेक्षकाने 'शोले' वीस वेळा पाहिलेला असावा लागतो, शिवाय स्वतःची सायकल दररोज हाणलेली असावी लागते. मालेगावच्या पार्लरात बसलेल्या प्रत्येकाकडे या दोन्ही पात्रता होत्या.

शनिवारी खट-खट पुन्हा सुरू झाली. चहाच्या टपरीवर ओळख झालेल्या एका निवृत्त जॉबराने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, मला आपल्या पुतण्याच्या कारखान्यात नेले. कारखाना म्हणजे पत्र्याचे छप्पर, चोवीस माग, आणि हवेत तरंगणारा कापसाचा एवढा भुगा की नळीच्या दिव्यांनाही मिशा फुटल्यासारख्या दिसाव्यात. धोटा डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे असा काही फेकला जात होता की डोळ्यांना तो दिसतच नव्हता, त्याचा फक्त आघात ऐकू येत होता. अशा चोवीस आघातांच्या मध्ये उभे राहून माझे मार्गदर्शक जे बोलले त्यातील एक अक्षरही मला कळले नाही. पण कारखान्यातील माणसांना ते कळले. एका पोराने भुवई उंचावून आणि दोन बोटे हवेत कात्रीसारखी चालवून काही विचारले. दुसऱ्या टोकाच्या विणकराने गाल फुगवले, मान झटकली, मग अंगठा मागे खांद्यावरून दाखवला. पोरगा हसत कांड्यांची टोपली आणायला धावला. बाहेर आल्यावर मी या संभाषणाचा अर्थ विचारला. तार तुटली का, असा पहिल्याचा प्रश्न होता. दुसरा म्हणाला होता, की तार नाही तुटली, कांडी संपली, आणि शेठ मागे उभा आहे तेव्हा पाय उचल.

काकाजी, इथे सगळेच मुके असतात, बारा तास, असे तो वृद्ध जॉबर त्याच्या मालेगावी हिंदीत म्हणाला, जिच्यात उर्दूचे शब्द, दखनीचा हेल आणि अधूनमधून अहिराणीची एखादी लकेर अशी वीण असते. माझ्या मनात तेव्हापासून एक तर्क घर करून बसला आहे, आणि तो मी तर्क म्हणूनच मांडतो. मालेगावच्या चित्रपटांतील अभिनयाला परीक्षक भडक म्हणतात. परंतु ज्या माणसांचे निम्मे आयुष्य गोंगाटात, चेहऱ्याने आणि बोटांनी बोलण्यात जाते, त्यांच्या मुद्रा मूकपटातील नटांसारख्या मोठ्या झाल्या तर त्यात नवल कसले? नासिर शेखला कीटन आणि चॅप्लिन आवडले, आणि त्याच्या प्रेक्षकांनाही ते परके वाटले नाहीत, याचे एक कारण या पत्र्याखाली सापडावे असे मला वाटते.

मूकपटाचा विषय निघाला म्हणून सांगतो, की मालेगाव ज्या नाशिक जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी 1870 साली दादासाहेब फाळके जन्मले. 1918 मध्ये त्यांच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीने नाशकात संसार थाटला, आणि 1944 च्या फेब्रुवारीत नाशकातच त्यांनी देह ठेवला. फाळक्यांना चित्रपटाचा ध्यास लागला तो 1910-11 च्या सुमारास मुंबईत पाहिलेल्या ख्रिस्तचरित्राच्या विलायती चित्रपटाने. पडद्यावर ख्रिस्त चालत असताना त्यांना त्याच्या जागी कृष्ण दिसू लागला, ही त्यांनीच नमूद केलेली कैफियत आहे. म्हणजे हिंदी चित्रपटाची गंगोत्री शोधत गेले तर तिथेही पहिले पाऊल अनुकरणाचेच आढळते: मूळ तेच, पात्र आपले. 'राजा हरिश्चंद्रा'ला तारामती मिळेना म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडे नेसवावे लागले. शंभर वर्षांनंतरही मालेगावात स्थानिक बायका कॅमेऱ्यापुढे येत नाहीत, आणि नायिका बाहेरगावाहून मोबदला देऊन आणावी लागते. फाळक्यांना आपण युगप्रवर्तक म्हणतो आणि नासिर शेखला गमत्या. दोघांची थोरवी एकच आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण दोघांच्या दारातली अडचण मात्र एकच होती.

'नक्कल' या शब्दाकडे मला इथे परत यावे लागते. तमाशातला सोंगाड्या करतो ती नक्कल, आणि दप्तरात अर्ज केल्यावर मिळते तीही नक्कल. पहिलीत मूळच्याची टवाळी असते. दुसरीत मूळच्याचा अधिकार उतरतो, इतका की कोर्टात ती मूळ दस्तऐवजाच्या जागी चालते. 'मालेगाव के शोले' यांपैकी कोणती? माझ्या मते ते दोन्ही आहे. सलीम-जावेद यांचे रामगढ कुठे होते हे कुणालाच ठाऊक नाही. पण मालेगावचे रामगढ मालेगावातच होते, त्यातली गटारे, खांबांवरच्या तारा आणि पाठीमागून डोकावणारी पोरे प्रेक्षकांच्या ओळखीची होती, आणि दुसऱ्या कुणा दिग्दर्शकाने ती कधी पडद्यावर आणलेली नव्हती. वर्तमानपत्रांनी मालेगाव दाखवले ते तेवढे 8 सप्टेंबर 2006 ला शब-ए-बरातच्या शुक्रवारी बडा कब्रस्तानजवळ आणि पुन्हा 29 सप्टेंबर 2008 ला भिक्कू चौकात झालेल्या स्फोटांनंतर.

याच 2008 साली नासिर शेख 'मालेगाव का सुपरमॅन' चित्रित करीत होता, आणि फैजा अहमद खान ही तरुण माहितीपटकार त्याच्या चित्रणाचे चित्रण करीत होती. तिचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' परदेशांतील महोत्सवांतून फिरला आणि 2012 च्या जूनमध्ये आपल्याकडील चित्रपटगृहांत आला. मालेगावच्या सुपरमॅनचे काम शफीक शेख या यंत्रमाग कामगाराने केले. अंग काडीसारखे, निळ्या सदऱ्यावर चिन्ह, आणि चड्डीची नाडी लोंबत बाहेर आलेली. हा सुपरमॅन उडता उडता दमतो, कारण मालेगावच्या धुळीने त्याला दम्याचा विकार जडला आहे. त्याचा शत्रू पृथ्वीवर राज्य करू पाहणारा नाही. त्याला फक्त घाण प्रिय आहे, आणि सगळ्यांनी तंबाखू खाऊन थुंकत राहावे एवढीच त्याची इच्छा आहे. उड्डाणासाठी नासिरने हिरवा कपडा मिळवला, संगणकावर ती हिरवळ पुसून आकाश भरण्याची विद्या शिकून घेतली, आणि शफीकला त्या कपड्यापुढे आडवा टांगून वारा घातला. मध्येच कॅमेरा पाण्यात पडला, चित्रीकरण थांबले. मध्येच नायकाचे लग्न निघाले, पुन्हा थांबले. लेखक फरोग जाफरी मुंबईच्या ओढीविषयी बोलताना त्या माहितीपटात ज्या रीतीने शब्द थांबवत थांबवत उच्चारतो, ते पाहिले म्हणजे लक्षात येते की या सगळ्यांच्या हसण्याच्या मुळाशी मनमाडच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत आलेले काहीतरी आहे.

तंबाखूच्या राक्षसाशी लढणारा शफीक 2011 साली मुखाच्या कर्करोगाने गेला. या विधानावर भाष्य करण्याचा मोह मी टाळतो. त्या तरुणाला ओळखणाऱ्या टपरीवाल्याने तो टाळला होता. त्याने फक्त टेबल पुसले आणि दुसरा चहा पुढे ठेवला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. 'मालेगाव का चिंटू' या नावाने नासिरचा विनोद एका हिंदी वाहिनीवरही पोचला. पार्लरे बुडाली, कॅसेटींच्या मागून सीडी आल्या, आणि इथे दैवाने एक वेगळीच थट्टा मांडली: ज्यांनी 'शोले'ची नक्कल केली त्यांच्या नकलेची नक्कल करून दुसऱ्यांनी ती फुटपाथवर विकली, आणि दाद मागायला जागा नव्हती, कारण दाद मागणाऱ्याच्याच हातात मुळाची सनद कुठे होती? आता धंदा यूट्यूबवर गेला आहे. 'छोटू दादा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठेंगण्या नटाच्या विनोदी चित्रफिती इथेच बनतात आणि कोट्यवधी वेळा पाहिल्या जातात, अगदी ज्यांना मालेगाव नकाशावर दाखवता येणार नाही अशा देशांतून. मी त्यांतील पाच-सहा टपरीवर बसून पाहिल्या. त्यांत चलाखी आहे, वेग आहे, पैसाही बरा मिळत असावा. पण त्या कोणत्याही गावात घडू शकतील अशा आहेत, आणि सायकलवरचा डाकू पाहताना शेजारच्याच्या मांडीवर थाप मारून 'अरे, हा तर आपला अमका' म्हणणारा प्रेक्षक त्यांना आता उरलेला नाही. टपरीवरील पोरांना माझे हे म्हणणे पटले नाही. त्यांपैकी एकाने मोबाइल पुढे करून बघितलेल्यांचा आकडा दाखवला, आणि आकड्यापुढे माझा युक्तिवाद लंगडा पडला हे मला मान्य केले पाहिजे. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' 2024 साली टोरांटोच्या महोत्सवात आणि 2025 च्या फेब्रुवारीअखेर आपल्याकडे आला. त्यात नासिर, फरोग आणि शफीक यांच्या भूमिका मुंबईच्या नटांनी केल्या आहेत. म्हणजे मुंबईने अखेर मालेगावची नक्कल केली. तो चित्रपट सुरेख आहे, संयत आहे, आणि त्यातील पत्र्यांवरचा धूळ-धूरही नीट प्रकाशलेला आहे. शुक्रवारी रात्री ज्या गल्लीत मी उभा होतो तिथे तो इतका नीट प्रकाशलेला नव्हता.

सोमवारी साडेअकराला मी दप्तरात हजर झालो. कारकुनाने तीन पाने माझ्या हाती दिली. खाली नक्कल तयार करणाराची सही, तपासणाराची सही, अर्जाची आणि नक्कल दिल्याची तारीख, आणि जांभळ्या शाईत 'खरी नक्कल' हा शिक्का. ती पाने मी मनमाडच्या बसमध्ये बसल्यावर निवांत उघडली. तुकड्याच्या चतुःसीमा बरोबर होत्या, रक्कम बरोबर होती, पण उतरवून घेणाऱ्याने आजोबांच्या नावातला एक काना गाळला होता आणि त्या गळालेल्या कान्यामुळे ते दुसऱ्याच कुणाचे नाव झाले होते. मी उठून उतरावे की बसून राहावे या विचारात असताना बस मोसम नदीचा पूल ओलांडून गेली. मागून एक पोरगा सायकल दामटत बराच वेळ आमच्या खिडकीबरोबर येत होता. कंडक्टर माझ्यापाशी येऊन उभा राहिला आणि सुटे आहेत का म्हणून विचारू लागला.